सोंग आणि स्वत्व : अभिमान-पदयात्रेच्या निमित्ताने

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या मार्गावर लोहा तालुक्यात माळेगाव हे खंडोबाचे क्षेत्र आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे भरणारी यात्रा जनावरांच्या बाजाराइतकीच तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. तमाशाच्या गौळणीत मावशीचे सोंग परंपरेने पुरुषाकडे असते. तिची चाल, तिचे मुरडणे, तिचे खटकेबाज बोलणे यांना प्रेक्षक मनमुराद दाद देतो. परंतु तीच चाल आणि तोच स्वर सोंग न घेतलेल्या एखाद्या माणसाने भर बाजारात आणला, तर दादेची जागा टवाळी घेते. वर्तन तेच असताना रंगमंचावर ते कौतुकास पात्र ठरते आणि रस्त्यावर निंदेस; या भेदाचे कारण कोणते? लैंगिक अल्पसंख्याकांच्या अभिमान-पदयात्रेचा, म्हणजे ‘प्राइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उत्सवाचा, विचार मराठी समीक्षेने याच प्रश्नापासून सुरू करणे उचित होय.

या उत्सवाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला असता तेथील मंडळींनी प्रतिकार केला. त्याच्या प्रथम स्मरणदिनी, १९७० साली, मिरवणूक निघाली. भारतात २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात एक लहानशी पदयात्रा झाली. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी आणि पुण्यात २०११ साली ही प्रथा आली. हा क्रम पाहून ‘ही प्रथा परकी आहे’ असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः साहित्यप्रकार किंवा उत्सवप्रकार कोठून आला यावरून त्याचे मूल्य ठरत नाही. कादंबरीही बाहेरूनच आली आणि मराठी झाली. शिवाय रस्त्यावरून समूहाने चालत जाऊन आपले म्हणणे मांडणे ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत एका नावासाठी किती माणसे चालली आणि त्यासाठी किती सोसावे लागले, हे या भागातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. दोन्ही लढ्यांची कारणे व किंमत भिन्न आहेत, त्यांची बरोबरी करण्याचे प्रयोजन नाही. तथापि योग्य नावाने ओळखले जाणे हा प्रतिष्ठेचा गाभा असतो, ही जाणीव येथील भूमीत आधीच रुजलेली आहे.

मराठी परंपरेने सोंगाला नेहमीच उदार आश्रय दिला. पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून नाना जातींच्या व व्यवसायांच्या माणसांची, तशीच स्त्रियांचीही, वाणी उचलली. संतांच्या विराण्यांत व गौळणींत पुरुष कवी निःसंकोच स्त्रीच्या मुखाने बोलतो. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांचा स्त्रीवेष शिष्ट स्त्रियांना अनुकरणीय वाटला. त्याच काळात तमाशातला नाच्या मात्र हेटाळणीचा विषय होता. म्हणजे सोंगाच्या या औदार्यातही जातीची व वर्गाची उतरंड होती. तरीही नाट्यगृह आणि फड या दोन्ही ठिकाणी अट एकच होती : खेळ संपताच सोंग उतरले पाहिजे.

आधुनिक मराठी साहित्याने ही अट कितपत तपासली? विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात (१९८१) सुमित्रा देव ही तरुणी महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि त्या भूमिकेच्या आडोशाने नमा या सहकलाकार तरुणीविषयीचे तिचे प्रेम प्रकट होते. नाटकातले नाटक संपते, प्रेम संपत नाही. आणि मित्राची शोकांतिका तेथूनच सुरू होते. तेंडुलकरांनी सोंगाची अट अचूक ओळखली होती, यात शंका नाही. परंतु मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही. ती सांगतो तिचा मित्र बापू. सहानुभूती आहे, निवेदनाचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे आहे.

आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारलेला ‘नटरंग’ (२०१०) आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या तसेच चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारलेला ‘जोगवा’ (२००९) हे दोन चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. गुणा कलेसाठी नाच्या होतो. तायप्पाला देवीच्या नावाने जोगता केले जाते. एकाने वेष पत्करला आहे, दुसऱ्यावर तो लादला आहे. पण दोन्ही कथांतील करुणेचा उगम एकच आहे : धडधाकट पुरुषाला लुगडे नेसावे लागले, ही वेदना. लादलेल्या जोगतेपणाविषयीचा संताप सर्वथा न्याय्य आहे आणि त्याची धार बोथट करण्याचे कारण नाही. मात्र या रचनेत एक माणूस दिसेनासा होतो. ज्याला ते लुगडे ओझे वाटत नाही, जिला ते आपलेच वस्त्र वाटते, त्या व्यक्तीला येथे नायकत्व मिळत नाही. प्रेक्षक गुणासाठी रडतो, कारण गुणा ‘खरा’ नाच्या नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

ही उणीव भरून निघाली ती स्वकथनांतून व स्वतःच्या कवितेतून. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या शीर्षकात ‘मी’ दोनदा येतो. शिवी म्हणून फेकलेला शब्द आणि स्वतः निवडलेले नाव येथे एकाच दमात उच्चारले जातात. हे कथन वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले आहे, त्यामुळे त्यातील आवाज कोठवर मूळचा आहे हा प्रश्न अभ्यासकाने अवश्य विचारावा. दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या कवितासंग्रहात कवयित्री आणि कवितेतली व्यक्ती यांच्यामध्ये असा तिसरा हात नाही. शिवाय ज्या समाजाने स्त्रीवेषातील पुरुषाचे सौंदर्य वाखाणले, त्याच्यापुढे ‘कुरूप’ हे शीर्षक ठेवणे म्हणजे त्या कौतुकाची अटच नाकारणे होय.

अभिमान-पदयात्रा हे याच नकाराचे सार्वजनिक रूप आहे. तिला रंगमंच नाही, पडदा नाही आणि देवाची आडही नाही. भारतातील आरंभीच्या पदयात्रांत काही जण मुखवटे घालून येत. नाटकात मुखवटा दुसरा होण्यासाठी घालतात. येथे तो भर रस्त्यात स्वतःसारखे वागता यावे म्हणून घातलेला असतो. महानगरात चालणारा माणूस सायंकाळी गर्दीत विरून जाऊ शकतो. लातूर किंवा नांदेडसारख्या शहरात रस्त्याच्या कडेला उभा असलेला किराणा दुकानदार वडिलांच्या ओळखीचा असण्याचा संभव अधिक. म्हणून अशा ठिकाणी पन्नास माणसांचे चालणे मुंबईतील काही हजारांच्या चालण्याहून कमी मोलाचे ठरत नाही.

या उत्सवाची समीक्षाही निर्भीडपणे झाली पाहिजे. वर्षातून एक दिवस रंगीबेरंगी वेष आणि उरलेले दिवस मौन असे झाले, तर पदयात्राही एक सोंगच ठरेल. तिचे फलक इंग्रजीतच राहिले, तर घरच्या आजीला ते वाचता यावयाचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे परस्परसंमत समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. उत्सवाचा कस या निर्णयांपलीकडच्या साध्या गोष्टींवर लागेल : भाड्याची खोली मिळते की नाही, हजेरीपटावर कोणते नाव पुकारले जाते, वसतिगृहात जागा कोठे दिली जाते.

मराठी विभागांपुढील कामही त्यातूनच स्पष्ट होते. नांदेड-लातूर भागातील अशा व्यक्तींची कथने त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने आणि आवश्यक तेथे नावे राखून, नोंदविली गेली पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या व्यक्ती केवळ अभ्यासविषय न राहता अभ्यासक म्हणून वर्गात बसू शकल्या पाहिजेत. माळेगावच्या फडात मावशी पहाटे रंग पुसते आणि पुरुष होऊन घरी जाते. जिला पुसावयास रंगच नाही, तिलाही त्याच वाटेने निर्धास्तपणे घरी जाता यावे, एवढीच या उत्सवाची मागणी आहे. आणि ती मान्य करण्याइतके औदार्य सोंगाला डोक्यावर घेणाऱ्या परंपरेने दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.