स्क्वायर्स वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका

न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्ये पीएचडी करायची म्हटलं की जी. एल. स्क्वायर्स यांचं १९७८ चं पुस्तक हातात येतंच. अणूंच्या हालचालीमागचं गणित इतकं पायरीपायरीनं क्वचितच कुणी मांडलंय. पण पुस्तक थिअरीचं आहे. सॅम्पल कोणतं न्यायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. हायड्रोजनचा इनकोहिरंट क्रॉस-सेक्शन सुमारे ८० बार्न, ड्युटेरियमचा जेमतेम २. म्हणजे साध्या पाण्यातून मुख्यतः एकेका प्रोटॉनची स्वतःची हालचाल कळते. अणूंची एकमेकांशी जुळलेली हालचाल हवी तर जड पाणी घ्या. सूत्रं दोन्हींची पुस्तकात आहेत. प्रश्न मात्र आधी तुमचा पक्का हवा, कारण बीमटाइम मोजक्याच दिवसांचा मिळतो. सॅम्पल चुकलं, तर डेटा उत्तम येईल, पण भलत्याच प्रश्नाचा.