विरलन-शीतक आणि माठाचा दृष्टान्त

विरलन-शीतक, म्हणजे डायल्यूशन रेफ्रिजरेटर, समजावताना माठाचा दृष्टान्त हटकून दिला जातो. अकोला-अमरावतीच्या वैशाखात तो चटकन पटतो, आणि तेथेच घोटाळा होतो. बाष्पीभवनात तापमान उतरताच बाष्पदाब झपाट्याने घसरतो व शीतनच मंदावते. हेलियम-३ व हेलियम-४ यांचे मिश्रण ०.८७ केल्व्हिनखाली दोन स्तरांत विभागते खरे. परंतु विरल स्तरात निरपेक्ष शून्याजवळही सुमारे साडेसहा टक्के हेलियम-३ विरघळलेले राहते. हाइन्झ लंडन यांनी १९५१ मध्ये सुचविलेले व १९६४ मध्ये लायडन येथे प्रत्यक्षात आलेले हे यंत्र याच गुणावर उभे आहे. दृष्टान्तात नेमका तोच निसटतो.

रचनेच्या दृष्टीने दुसरा दोष अधिक गंभीर. माठ डोळ्यांपुढे ठेवणारा विद्यार्थी मिश्रणकक्षालाच यंत्र समजतो. वस्तुतः शीतनशक्ती तापमानाच्या वर्गाप्रमाणे घटते, तर द्रव व धातू यांच्या सीमेवरील उष्णतारोध तापमान उतरेल तसा कितीतरी वेगाने वाढतो. म्हणून परतणाऱ्या हेलियम-३ ला थंड करणारा उष्णता-विनिमयक आणि त्यातील चांदीच्या सूक्ष्म चूर्णाचे पृष्ठफळ यांतच रचनाकाराचा कस लागतो. सुमारे २ मिलिकेल्व्हिनपाशी हाही उपाय थकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात बिस्मथची अतिसंवाहकता ०.५३ मिलिकेल्व्हिनला आढळली; तेथे विरलन-शीतकाकडे पूर्वशीतनच होते, पुढचा उतार तांब्याच्या केंद्रकीय निश्चुंबकनाने गाठला.