न झालेलं वादळ

मोठं चक्रीवादळ थेट मुंबईवर आलं तर? अमिताव घोष यांच्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) मधला हा प्रश्न उत्तनशेजारच्या चौकमध्ये राहणाऱ्या मला कल्पनेतला वाटत नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आमच्या समोरच्या समुद्रातूनच वर गेलं. घोष यांनी तो प्रश्न ॲडम सोबेल या हवामानशास्त्रज्ञांना विचारला, हे मला फार आवडलं.

पुढची गोष्ट आणखी भारी आहे. १८८२ साली मुंबईत वादळाने लाखभर माणसं मेली, असं अनेक याद्यांमध्ये छापलेलं होतं. सोबेल आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि २०१९ मध्ये लिहिलं : असं वादळ झालंच नाही.

‘हवामानबदल म्हणजे बागुलबुवा’ म्हणणारे इथे टाळी मागतील. पण चुकीची टेस्ट काढून टाकली म्हणून कोडमधला बग जात नाही. त्याच शोधनिबंधात मुंबईचा धोका मोजलाय आणि तो शून्य नाही. पुण्याच्या आयआयटीएमच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली.

कादंबरी असल्या संकटांना टाळते, ही घोष यांची तक्रार. माझी तक्रार त्यांच्याच पुस्तकाबद्दल आहे : त्यात इशारा ठसठशीत आहे, पडताळणी फिकी. बंदरावर बावटा लागला की होडी काढायची की नाही, हे ठरवणाऱ्याला दोन्ही लागतात. शंका जरूर घ्यावी, पण उत्तर आपल्याविरुद्ध आलं तरी छापायची तयारी ठेवून.