व्हिममधला पायथन: एडिटरला न दिसणारा कंस

मागच्या दोन व्याख्यानांत आपण भाषांबद्दल बोललो, आज हत्यारांबद्दल बोलू. विषय वरवर किरकोळ वाटेल: व्हिम हा एडिटर पायथन लिहिण्यासाठी कसा लावायचा. तुमच्यापैकी अनेकांकडे कुठून तरी उचललेली चाळीस ओळींची व्हिमआरसी फाइल असणार. ती फाइल मला आज समीक्षेच्या टेबलावर ठेवायची आहे. एखाद्या पुस्तकाला विचारतो तसं तिला विचारायचं, की बाई, तू काय गृहीत धरून बसली आहेस?

थोडा इतिहास. बिल जॉयने बर्कलेत व्हीआय लिहायला घेतला १९७६ साली. त्याचा वारस व्हिम, ब्राम मोलेनारचा, पहिल्यांदा लोकांपर्यंत आला १९९१ मध्ये, अमिगा संगणकासाठी. त्याच वर्षी पायथनही पहिल्यांदा बाहेर पडला. खिडो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत होता, आणि मोलेनारही डच. म्हणजे एकाच देशातल्या दोन माणसांनी एकाच वर्षी आपापली वस्तू जगापुढे ठेवली. पण घराणी अगदी वेगळी. पायथनने इंडेंटेशनची कल्पना घेतली एबीसी नावाच्या शिकवण्याच्या भाषेकडून. व्हिमने बोटांची सगळी सवय घेतली व्हीआयकडून, आणि व्हीआय वाढला सी लिहिणाऱ्यांच्या घरात.

हे घराणं अजून बोटांत आहे. टक्क्याची कळ दाबा, कर्सर जोडीदार कंसावर जातो. आय आणि महिरपी कंस दाबलात की कंसातला सगळा मजकूर हातात येतो: उडवा, बदला, कॉपी करा. दोनदा चौकोनी कंस दाबला की मूळ व्हीआय मागे जाऊन पहिल्या रकान्यातला महिरपी कंस शोधतो, कारण सीमध्ये फंक्शनचा कंस तिथे लिहायची रीत होती. या एडिटरचं व्याकरणच कंसाचं आहे हो. आणि पायथनमध्ये तो कंसच नाही.

आता कुणी म्हणेल, त्यात काय, व्हिमसोबत येणारी पायथनची फाइलटाइप प्लगइन दोन चौकोनी कंसांना नवा अर्थ देते, मग ते डेफ आणि क्लासच्या ओळींवर उड्या मारतात. बरोबर, आणि ते काम छान झालंय. पण माझा मुद्दा उड्या मारण्याचा नाही, त्याच्या खालचा आहे. सीच्या फाइलमध्ये इंडेंटेशन सगळं पुसून टाका. मग सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबरच्या चिन्हाची आज्ञा चालवा, जीजी, बरोबर, मोठा जी. सगळं परत जागेवर येतं, कारण अर्थ कंसात आहे आणि इंडेंटेशन ही त्याची सावली. पायथनमध्ये तेच पुसलंत तर प्रोग्रामच पुसलात. जगातला कुठलाही एडिटर ते परत आणू शकत नाही. तिथे इंडेंटेशन हीच मूळ वस्तू आहे, तिला सावली म्हणता येत नाही.

म्हणून व्हिम पायथनमध्ये फक्त अंदाज करतो. मागची ओळ कोलनने संपली, तर एक पायरी आत. मागे रिटर्न किंवा ब्रेक आहे, तर एक पायरी बाहेर. एल्स लिहिलं, तर बाहेर. बाकी ठिकाणी तो म्हणतो, तुम्ही ठेवलंय तसं राहू दे. आणि हा नम्रपणा मला आवडतो. जिथे माहिती नाही तिथे शहाणपणा केलेला नाही.

हे नुसतं सौंदर्यशास्त्र का नाही, ते सांगते. रकमांची यादी घेऊन बेरीज करणारं फंक्शन आहे. फॉर लूपमध्ये प्रत्येक रक्कम एकूणमध्ये मिळवायची आणि लूप संपल्यावर एकूण परत द्यायची. आता हा तुकडा तुम्ही दुसरीकडून उचलून आणला, आणि चिकटवताना रिटर्नची ओळ चार घरं आत सरकली. ती आता लूपच्या आत आहे. पहिली रक्कम मिळवली की फंक्शन परत. पायथन तक्रार करणार नाही, कारण लिहिलेलं व्याकरणशुद्ध आहे. उत्तर चुकीचं येईल आणि शांतपणे येईल. सीमध्ये ओळी अशा सरकल्या तर फाइल फक्त गबाळी दिसते, इथे हिशोब बदलतो. पगाराचा असेल तर पगार, औषधाच्या मात्रेचा असेल तर मात्रा.

मग या धोक्याबद्दल आपली चाळीस ओळींची फाइल काय करते? बहुतेक वेळा काहीच नाही. तिच्यात रंगसंगती असते, स्टेटसलाइन असते, ओळींचे क्रमांक असतात. आणि एक ओळ हमखास असते: टॅबस्टॉप चार, शिफ्टविड्थ चार, एक्सपँडटॅब. सगळ्या फाइलींना लागू, सरसकट सेट. ही ओळ जगातली सगळ्यात जास्त कॉपी झालेली पायथनसाठीची व्हिम-सेटिंग असावी असं माझं आपलं मत, आणि गंमत म्हणजे पायथनसाठी तिची गरजच नाही. व्हिमची स्वतःची पायथन प्लगइन पेप ८ प्रमाणे चार स्पेस आणि एक्सपँडटॅब लावतेच. फक्त ती चालू असायला हवी.

आणि इथे व्हिमवर माझा पहिला खरा आक्षेप आहे. आठव्या आवृत्तीपासून व्हिम एक डिफॉल्ट्स नावाची फाइल वाचतो, जिच्यात रंग आणि फाइलटाइप प्लगइन चालू केलेल्या असतात. पण कधी वाचतो? तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तेव्हाच! म्हणजे नवशिक्या उघडतो, सगळं नीट चालतं. तो उत्साहाने व्हिमआरसी तयार करतो, त्यात ती एकच टॅबची ओळ लिहितो, आणि त्याच क्षणी प्लगइन बंद. मग तो मेकफाइल उघडतो. मेकला आज्ञेच्या ओळीआधी खराखुरा टॅबच लागतो. १९७६ पासूनचा हट्ट आहे तो. व्हिमची मेकफाइल प्लगइन एक्सपँडटॅब बंद करून हे सांभाळून घेते, पण ती आता चालूच नाही. सरसकट ओळ टॅबच्या जागी स्पेस घालते, आणि मेक म्हणतो सेपरेटर सापडत नाही. पायथनसाठी केलेल्या सोयीने मेक मोडला. दोष त्या मुलाचा नाही. जे घर एक खिळा ठोकला की दिवे घालवतं, त्याच्या वायरिंगकडे बघायला हवं. निओव्हिमने हे सुधारलं, तिथे फाइलटाइप मुळातच चालू असतात. उपाय साधा आहे: स्वतःच्या फाइलमध्ये पहिल्यांदा डिफॉल्ट्स बोलावून घ्या किंवा फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन लिहा, आणि पायथनपुरतं जे हवं ते आफ्टर फोल्डरमधल्या एफटीप्लगइनच्या पायथन फाइलीत, सेटलोकल वापरून.

दुसरा आक्षेप कंसाचाच, पण आता गोल कंसाचा. फंक्शनचं नाव लिहिलं, कंस उघडला, एंटर दाबला. पुढची ओळ किती आत जायला हवी? व्हिम म्हणतो दोन पायऱ्या, म्हणजे आठ स्पेस. हे हवेतून आलेलं नाही. पेप ८ मध्ये डेफच्या ओळीसाठी अशीच जास्तीची पायरी दाखवली आहे, म्हणजे पॅरामीटर आणि खालचा फंक्शनचा मजकूर एकाच रेषेत येऊन गोंधळ होत नाही. पण साध्या फंक्शन कॉलला तोच पेप ८ चार स्पेस दाखवतो. व्हिम हा फरक करत नाही. डेफ असो की कॉल, आठच. आणि २०१८ पासून लुकाश लांगाचा ब्लॅक हा फॉरमॅटर आला. तो दोन्हीकडे चारच ठेवतो, शेवटचा कंस स्वतंत्र ओळीवर सुरुवातीच्या रेषेत आणतो, आणि डेफचा गोंधळ त्या कंसानेच मिटवतो. व्हिम मात्र तो शेवटचा कंसही आतल्या ओळीच्या रेषेत ठेवायला बघतो. म्हणजे तुम्ही टाइप करता तेव्हा एक मत, सेव्ह केलं की दुसरं. ओळी डोळ्यांदेखत उड्या मारतात. यावर उपाय दोन सेटिंगांचा: पायथन-इंडेंट या डिक्शनरीत ओपन-पॅरेन एका शिफ्टविड्थवर आणा, आणि क्लोज्ड-पॅरेन-अलाइन-लास्ट-लाइन बंद करा. चाळीस ओळींच्या किती फाइलींत या दोन असतात, तुमची उघडून बघा.

ब्लॅकचं नाव निघालं म्हणून. हल्ली मोठा समज आहे की फॉरमॅटर आला, आता एडिटरने काळजी करायची गरज नाही. ब्लॅक काम झाल्यावर तपासतो, की आधीच्या आणि नंतरच्या कोडचं वाक्यरचनेचं झाड सारखंच आहे ना. ही त्याची प्रामाणिकता. पण याचाच अर्थ असा, की लूपमध्ये सरकलेला तो रिटर्न ब्लॅक अतिशय सुबक करून जिथल्या तिथे ठेवेल. चुकीचा हिशोब, पण इस्त्री केलेला.

तिसरी गोष्ट लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्हीसोबत जून २०१६ मध्ये तो जाहीर केला. दहा एडिटर आणि वीस भाषा असतील तर पूर्वी दोनशे जोडण्या लागायच्या, आता तीस पुरतात. कल्पना उत्तम, वादच नाही. निओव्हिममध्ये ०.५ पासून, म्हणजे २०२१ पासून, त्याचा क्लायंट आतच आहे. व्हिममध्ये अजून प्लगइन लावावी लागते. पण पायथनवाल्याला प्रत्यक्षात काय मिळतं बघा. पायराइट हा सर्व्हर मुक्त परवान्याचा आहे, पण तो लिहिलाय टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे पायथन समजून घ्यायला नोड हवा. त्याच्यावर बांधलेला पायलान्स जास्त हुशार, पण त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांपुरता. प्रोटोकॉल सगळ्यांचा, आणि सर्वांत चांगला सर्व्हर एका घरचा. एडिटरचं भाषेबद्दलचं ज्ञान एडिटरबाहेर गेलं, हे ठीक. ते कुणाच्या अंगणात गेलं, हे विचारायचं नाही का?

मग व्हिम पायथनसाठी वाईट आहे का? अजिबात नाही, आणि इथे मला आपल्या फाइलींवर राग येतो, व्हिमवर नाही. चिकटवण्याच्या ज्या अपघाताबद्दल मी बोलले, त्याच्यासाठी व्हिममध्ये जुनी आज्ञा आहे: बंद होणारा चौकोनी कंस आणि मग पी. नुसत्या पीसारखंच चिकटवते, पण ओळींचं इंडेंटेशन कर्सरच्या ओळीशी जुळवून घेते, आणि ओळींचा आपापसातला आतबाहेरपणा जपते. पायथनला नेमकं हेच हवं, आणि ही आज्ञा शिकवण्यांमध्ये फारशी कुणी घेत नाही, कारण सीमध्ये तिच्याविना भागतं. टर्मिनलमधून बाहेरचा मजकूर चिकटवताना पूर्वी ओळींची जी पायऱ्या-पायऱ्यांची शिडी व्हायची, ती नव्या आवृत्त्यांत ब्रॅकेटेड पेस्टमुळे बऱ्याच टर्मिनलांत होत नाही. तरीही सेट पेस्टला कळ जोडलेल्या फाइली फिरतायत, आणि तो मोड बंद करायला विसरलं की एक्सपँडटॅबही बंद राहतो, मग फाइलीत टॅब शिरतात. पायथन २ टॅबला पुढच्या आठाच्या पटीपर्यंत धरून गुपचूप चालवायचा. पायथन ३ निदान विसंगती दिसली की टॅबएरर देऊन थांबतो. भाषेने स्वतःला शिस्त लावली, आपली फाइल मात्र जुनीच.

आणि लिस्टचार्स. सुरुवातीच्या स्पेसना दर चार घरांनी एक फिकी रेघ दाखवता येते, एका ओळीत. कंस नसलेल्या भाषेत तोच तुमचा कंस. रंगसंगतीवर एक संध्याकाळ घालवणाऱ्याने यावर दहा मिनिटं घालवायला हरकत नाही.

आता प्रश्न. हो, मागच्या रांगेतल्या ताई विचारतायत, की मराठीत टिप्पण्या लिहिल्या तर लिंटर ओळ लांब झाल्याची तक्रार लवकर का करतो.

चांगला प्रश्न. पेप ८ ची मर्यादा ७९ वर्णांची, आणि पायकोडस्टाइल वर्ण मोजतो पायथनच्या लेनने, म्हणजे युनिकोडचे संकेत. ‘क्षत्रिय’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा, लेनला आठ. हलन्त वेगळा, वेलांटी वेगळी. व्हिमची टेक्स्टविड्थ मोजते पडद्यावरची घरं. म्हणून जीक्यूने नीट मोडलेला मराठी परिच्छेद लिंटरला लांब वाटतो. त्यावर ओळीच्या शेवटी नोक्वा ई५०१ लिहिणं हा उपाय आहे, पण प्रत्येक ओळीला तो कंटाळवाणा. त्यापेक्षा मर्यादाच वाढवा, प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे ती सगळ्यांना सारखी लागू होईल. आणि व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवणार असाल तर पायथन ३ ते चालवतो, ‘किंमत’ चालतं. फक्त ‘दऱ्या’मधला र, र-हलन्त आणि झेडडब्ल्यूजे असा टाइप होत असेल, तर सिंटॅक्सएरर मिळेल, कारण नावात तो अदृश्य वर्ण चालत नाही. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त द्या, मग चालतं. तुमचा कीबोर्ड यातलं काय पाठवतो ते बघायचं असेल, तर अक्षरावर कर्सर नेऊन जीए दाबा, व्हिम संकेत दाखवेल.