विकरे जीवाणू मारत नाहीत

कोंबडीखाद्यात मिसळायच्या विकरांची, म्हणजे एन्झाइम्सची, माहितीपत्रके वाचताना एक दावा वारंवार भेटतो : ही विकरे पिल्लांच्या आतड्यातले घातक जीवाणू मारतात. हा दावा आम्हाला खटकतो.

गहू, जव यांच्या दाण्यांत अरॅबिनोझायलन, बीटा-ग्लुकन अशी तंतुमय कर्बोदके असतात. ती तोडणारे विकर कोंबडीच्या शरीरात तयार होत नाही. त्यांचा विरघळणारा भाग आतड्यातला लगदा चिकट करतो, अन्न अर्धवट पचते आणि उरलेल्या पिष्टावर व प्रथिनांवर जीवाणू माजतात. झायलनेज हे विकर अरॅबिनोझायलनच्या लांब साखळ्या तोडते. चिकटपणा कमी होतो, पिल्लाला अधिक अन्न मिळते, जीवाणूंना कमी उरते. साखळ्यांचे काही तुकडे पुढे अंधांत्रात पोचतात. तिथले जीवाणू ते आंबवून ब्युटिरिक आम्लासारखी उपयुक्त आम्ले बनवतात. म्हणजे जीवाणूंची संख्या बदलते ती त्यांचे खाद्य बदलल्यामुळे.

दुसरी गफलत खाद्याची. चिकटपणाचे गाजलेले प्रयोग गहू-जवाच्या खाद्यावरचे आहेत. पुण्याच्या आसपास पिल्लांना मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड मिळते. मक्यातले अरॅबिनोझायलन बहुतांशी न विरघळणारे असते, त्यामुळे लगदा मुळातच फारसा चिकट नसतो. मग तेवढाच फायदा कसा गृहीत धरायचा? शिवाय पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाच्या आतड्यातली जीवाणूंची वस्ती आपोआपच झपाट्याने बदलते. म्हणून त्याच वयाचा, विकर न दिलेला तुलनेचा गट हवाच.

ही निव्वळ शब्दांची कीस काढणे नव्हे. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. भारताने २०१९ मध्ये पशुखाद्यात कोलिस्टिनला मनाई केली. विकरे हा पर्यायाचा एक भाग आहे. पण मारक औषध समजून वापरली, तर अपेक्षाभंग होणारच. मग शेतकरी पुन्हा प्रतिजैविकांकडे वळेल आणि औषधांना न जुमानणारे जीवाणू आपल्या घरापर्यंत येतील.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका वाटीत भाताची घट्ट, कोमट पेज घ्या, दुसरीत भिजवलेले इसबगोल. दोन्हींत थोडी लाळ मिसळा. पेज हळूहळू पातळ होईल, इसबगोल मात्र तसेच राहील. इसबगोलातही प्रामुख्याने अरॅबिनोझायलनच असते. लाळेतल्या विकराला पिष्ट तोडता येते, हे नाही. एवढे मुलांना पटले, की ‘विकर कोणते आणि कशावर?’ हा प्रश्न ती माहितीपत्रकालाही विचारतील.