मुलाखतीच्या खोलीतील चंद्र : सत्यजित राय यांच्या दोन चित्रपटांचा विचार

प्रस्तावना :
पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने नोकरीची मुलाखत ही विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षाही अवघड परीक्षा असते. तिला अभ्यासक्रम नाही, गुणपत्रिका नाही आणि आपण अनुत्तीर्ण का झालो हे कळण्याची सोयही बहुधा नाही. म्हणूनच महाविद्यालयांतून व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळा व सराव मुलाखती घेतल्या जातात. पोशाख, देहबोली, स्वपरिचय आणि सामान्यज्ञान ही या तयारीची चतुःसूत्री होय. अपयश आले तर तयारी कमी पडली, असे गृहीतक या साऱ्यामागे असते. सत्यजित राय यांच्या 'प्रतिद्वंद्वी' (१९७०) आणि 'जन अरण्य' (१९७६) या बंगाली चित्रपटांतील मुलाखतींच्या आधारे हे गृहीतक तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

योग्य उत्तर आणि अपेक्षित उत्तर :
सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारित 'प्रतिद्वंद्वी'चा नायक सिद्धार्थ याला वडिलांच्या मृत्यूमुळे वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावे लागते. मुलाखतीत त्याला गेल्या दशकातील सर्वांत महत्त्वाची घटना विचारली जाते. तो व्हिएतनामच्या युद्धाचा उल्लेख करतो. १९६९ मध्ये मानवाने चंद्रावर ठेवलेले पाऊल अधिक महत्त्वाचे नाही काय, असे विचारताच तो आपले मत सकारण मांडतो : विज्ञानाची प्रगती पाहता चंद्रावरील अवतरण अनपेक्षित नव्हते; सामान्य माणसांनी दाखविलेले धैर्य मात्र कोणालाही आधी कल्पिता आले नसते. यावर मंडळ त्याला तो साम्यवादी आहे काय, असे विचारते आणि मुलाखत संपते.

येथे सिद्धार्थची तयारी कोठेही कमी पडलेली नाही. त्याच्या उत्तरात माहिती आहे, तुलना आहे आणि विवेकही आहे. उच्च शिक्षणाने विद्यार्थ्यात जे गुण रुजवावेत अशी आपली अपेक्षा असते, नेमके तेच गुण त्याच्या विरोधात जातात. मंडळाला योग्य उत्तर नको होते, अपेक्षित उत्तर हवे होते. या दोहोंतील अंतर हाच या प्रसंगाचा गाभा होय.

चंद्राचे वजन :
शंकर यांच्या कादंबरीवर आधारित 'जन अरण्य'मध्ये चंद्र पुन्हा येतो, पण वेगळ्या रूपात. सोमनाथला मुलाखतीत चंद्राचे वजन विचारले जाते. पहिल्या प्रश्नात निदान मत मांडायला वाव होता. या प्रश्नात तोही उरलेला नाही. उमेदवारांची संख्या जागांच्या कितीतरी पट झाली की प्रश्नाचे काम निवडण्याचे राहत नाही, वगळण्याचे होते. सोमनाथच्या बाबतीत ही प्रक्रिया परीक्षेतच सुरू झालेली आहे. त्याचे बारीक अक्षर परीक्षकाला नीट वाचता येत नाही आणि त्याचा ऑनर्स हुकतो. पुढे तो दलालीच्या व्यवसायात शिरतो आणि शेवटी एका कंत्राटासाठी मित्राच्याच बहिणीला ग्राहकापर्यंत पोहोचवितो. मुलाखतीत जे त्याला साधले नाही, ते समोरच्याला हवे ते पुरविण्याचे कौशल्य तो बाजारात शिकतो.

खोलीबाहेरील वास्तव :
'प्रतिद्वंद्वी'च्या अखेरच्या मुलाखतीत राय कॅमेरा खोलीबाहेर ठेवतात. मोजक्या जागांसाठी जमलेली गर्दी, अपुऱ्या खुर्च्या, असह्य उकाडा आणि भोवळ येऊन पडलेला एक उमेदवार. ताटकळणारे तरुण सिद्धार्थला क्षणभर सांगाडे भासतात. अखेर तो आत घुसून टेबल उलथवितो. हा उद्रेक नोकरी नाकारल्याबद्दल नाही, तर माणूस म्हणून साधी दखलही न घेतल्याबद्दल आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. या उद्रेकाने व्यवस्था बदलत नाही. सिद्धार्थ कलकत्ता सोडून बालुरघाटला औषधविक्रीची नोकरी पत्करतो.

मर्यादा :
राय यांचे दोन्ही नायक शहरी, मध्यमवर्गीय आहेत. सिद्धार्थ मंडळाला इंग्रजीत सहज उत्तरे देतो. आपल्या ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी माध्यमाच्या, पहिल्या शिक्षित पिढीतील विद्यार्थ्याची अडचण मताच्या आधी भाषेपाशीच सुरू होते. त्याचे मत मंडळापर्यंत पोहोचतच नाही. त्याच्यासाठी सराव मुलाखत ही चैन नसून गरज आहे. त्यामुळे या चित्रपटांच्या आधारे तयारीच निरर्थक ठरविणे अन्यायाचे होईल.

निष्कर्ष :
१. मुलाखतीतील अपयश हे नेहमीच उमेदवाराच्या तयारीचे अपयश नसते. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून 'क' गटातील व 'ब' गटातील अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. मुलाखत हे निवडीचे निर्दोष साधन नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.
२. सराव मुलाखतीत भाषा, मुद्देसूदपणा व आत्मविश्वास अवश्य शिकवावा; परंतु मत बदलण्यास शिकवू नये.
३. सिद्धार्थसारखे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला त्या उत्तराची संभाव्य किंमत शिक्षकाने प्रामाणिकपणे सांगावी. मात्र ते उत्तर चुकीचे आहे, असे त्याला कदापि सांगू नये. नोकरी देणे शिक्षकाच्या हाती नसते. विद्यार्थ्याचा स्वतःच्या विचारावरील विश्वास टिकविणे मात्र निश्चितच त्याच्या हाती असते.