लोकसहभाग की भागीदारी? : वाघाड प्रकल्पाच्या संदर्भात एक चिकित्सा

जलव्यवस्थापनविषयक लेखनात ‘लोकसहभाग’ हा शब्द वारंवार येतो. तथापि सहभाग आणि भागीदारी यांतील भेद बहुधा दुर्लक्षित राहतो. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या आधारे हा भेद तपासता येतो.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेपटाकडील ओझरच्या शेतांना पुरेसे मिळत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकारंभी तेथे पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे लाभक्षेत्रातील २४ संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ स्थापन झाला. पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेणे, त्याचे वाटप, पाणीपट्टीची वसुली व हिशोब ही कामे संस्थांकडे आली. मोजमाप आणि निर्णय लाभधारकांच्या हाती आले, हेच या प्रयोगाचे मर्म होय.

मात्र या भागीदारीलाही मर्यादा आहे. ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ नुसार सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीशी निगडित आहे. परिणामी सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रिया आणि भूमिहीन शेतमजूर बहुतांशी निर्णयप्रक्रियेबाहेर राहतात.

आपले संशोधनही या दोषापासून मुक्त नाही. प्रश्नावली महाविद्यालयात तयार होते, शेतकरी केवळ ‘उत्तरदाता’ ठरतो आणि निष्कर्ष गावापर्यंत क्वचितच पोहोचतात. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ग्रामस्थांनी व विद्यार्थ्यांनी मिळून ठेवाव्यात आणि त्यांचे वाचन ग्रामसभेत व्हावे. संशोधनाचा प्रश्न ठरविण्याचा अधिकार गावाला मिळाल्याखेरीज ‘भागीदारी’ हा शब्द वापरण्याचा अधिकार अभ्यासकाला प्राप्त होत नाही.